झळा, तारकांचे लुकलुकणे व बाष्पीभवन : क्षुब्ध माध्यमातील प्रकाशप्रकीर्णनाचा विचार

१. प्रास्ताविक

एप्रिल-मे महिन्यांत गेवराई किंवा माजलगाव तालुक्यातील काळ्या जमिनीवरून भर दुपारी दूरवर नजर टाकली असता दोन निरनिराळे आविष्कार एकाच वेळी दृष्टीस पडतात. रस्त्याच्या टोकाशी पाणी साचल्याचा भास होतो. त्यास आपण मृगजळ म्हणतो. त्याच वेळी दूरचे बांध, बाभळी आणि विजेचे खांब थरथरताना दिसतात. ज्या झळा अंगाला लागतात, त्याच येथे डोळ्यांनाही दिसत असतात. सामान्यतः हे दोन्ही आविष्कार एकाच कारणाखाली घातले जातात आणि ‘तापलेल्या हवेमुळे होणारे वक्रीभवन’ एवढे म्हणून विषय आटोपता घेण्यात येतो. तथापि या दोहोंत एक मूलगामी भेद आहे. जमिनीलगतची हवा तप्त व विरळ आणि वरची तुलनेने थंड व घन, या सरासरी उतरंडीमुळे मृगजळ दिसते. झळांचे थरथरणे मात्र त्या सरासरीभोवती क्षणोक्षणी होणाऱ्या यादृच्छिक चढउतारांमुळे घडते. पहिला आविष्कार माध्यमाच्या सरासरी स्थितीचा आहे, दुसरा तिच्यापासून होणाऱ्या विचलनाचा.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकाराचा विचार करावयाचा आहे. आकाशाची निळाई, क्रांतिक बिंदूजवळ द्रवास येणारा दुधीपणा, तारकांचे लुकलुकणे आणि उन्हातील झळा हे सर्व एकाच तत्त्वाचे आविष्कार आहेत, हे प्रथम दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. पाण्याचा हिशेब ज्या जिल्ह्यात दरवर्षी चुकता करावा लागतो, त्या बीडसारख्या भागात या तत्त्वाचा प्रत्यक्ष उपयोग काय, याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात येईल.

२. एकविध माध्यम प्रकाश विखुरत नाही

आकाश निळे का, या प्रश्नाचे उत्तर पदवी परीक्षेत पुढीलप्रमाणे दिले जाते : हवेतील प्रत्येक रेणू प्रकाशाचे प्रकीर्णन करतो; प्रकीर्णित प्रकाशाची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते; म्हणून निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक विखुरला जातो. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. टिंडल यांनी १८६९ च्या सुमारास सूक्ष्म कणांनी विखुरलेल्या निळसर प्रकाशाचे प्रयोग केले; लॉर्ड रॅली यांनी १८७१ मध्ये चौथ्या घाताचा नियम मांडला आणि आकाशाच्या निळाईस धूलिकणांची आवश्यकता नसून हवेचे रेणूच पुरेसे आहेत, असे १८९९ मध्ये प्रतिपादन केले. ०.४५ मायक्रॉन तरंगलांबीचा निळा प्रकाश ०.६५ मायक्रॉनच्या तांबड्या प्रकाशाच्या सुमारे ४.३ पट विखुरला जातो, ही गोष्ट या नियमावरून सहज निघते.

परंतु येथे एक शंका उपस्थित होते. पारदर्शक स्फटिकातही रेणू असतात आणि तेही प्रकाशाच्या प्रभावाने स्पंदन पावतात. मग निर्दोष स्फटिकातून जाणारा किरण बाजूने पाहणाऱ्यास जवळजवळ अदृश्य का असतो? याचे उत्तर व्यतिकरणात आहे. तरंगलांबीच्या मानाने रेणू दाटीवाटीने आणि नियमित अंतरावर बसविलेले असतील, तर बाजूस जाणाऱ्या कोणत्याही दिशेच्या संदर्भात एका थराने पाठविलेली लाट दुसऱ्या कोणत्यातरी थराने पाठविलेल्या विरुद्ध कलेच्या लाटेने नाहीशी होते. शिल्लक राहते ती केवळ पुढे जाणारी लाट. तिचा वेग बदललेला असतो आणि त्यासच आपण वक्रीभवनांक म्हणतो. अर्थात्, पूर्णतया एकविध माध्यम प्रकाशाचा वेग बदलील, पण प्रकाश विखुरणार नाही. प्रकाश विखुरला जातो तो या एकविधतेत जेवढी न्यूनाधिकता असेल, तेवढ्यापुरताच.

हवेत ही न्यूनाधिकता किती, हे एका साध्या गणिताने पाहता येते. बीड शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५०० मीटर आहे. तेथे हवेचा दाब सुमारे ९५० मिलिबार आणि उन्हाळ्यातील तापमान ३१० केल्व्हिन धरल्यास, ०.५ मायक्रॉन बाजू असलेल्या घनात सरासरीने सुमारे २८ लाख रेणू असतात. वायूतील रेणू परस्परांपासून स्वतंत्र असल्यामुळे ही संख्या तिच्या वर्गमूळाइतकी, म्हणजे सुमारे १,७०० ने, कमीअधिक होत राहते. शेकड्यात हा चढउतार केवळ ०.०६ इतका आहे. आकाशाची सर्व निळाई या क्षुल्लक दिसणाऱ्या अंशातून निर्माण झाली आहे.

रेणू परस्परांपासून स्वतंत्र असतील तर ‘प्रत्येक रेणूचे प्रकीर्णन’ आणि ‘घनतेच्या चढउतारांचे प्रकीर्णन’ ही दोन्ही गणिते एकच उत्तर देतात. म्हणूनच रॅली यांचे सूत्र हवेच्या बाबतीत यशस्वी झाले. द्रवात मात्र दोन्ही वाटा वेगळ्या होतात. स्मोलुकोव्हस्की यांनी १९०८ मध्ये आणि आइन्स्टाइन यांनी १९१० मध्ये घनतेच्या औष्णिक चढउतारांवर आधारलेली उपपत्ती मांडली. तीनुसार प्रकीर्णनाची तीव्रता रेणूंच्या संख्येवर थेट अवलंबून नसून तापमान आणि माध्यमाची संपीड्यता यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. जे माध्यम सहज दाबले जाते, त्यातील घनता सहज कमीअधिक होते, आणि तेच माध्यम अधिक प्रकाश विखुरते.

या उपपत्तीची कसोटी पाण्यावर पाहता येते. एक घन सेंटिमीटर पाण्यात तेवढ्याच हवेच्या मानाने सुमारे १,३०० पट रेणू असतात. रेणूगणिक प्रकीर्णनाचा हिशेब खरा असता, तर पाणी हवेच्या हजारो पटींनी प्रकाश विखुरते. प्रत्यक्षात हे प्रमाण दीडशे पटींच्या आसपास आहे. द्रवातील रेणू एकमेकांना जागा सोडून, काहीशा शिस्तीने राहतात. त्या शिस्तीमुळे चढउतार दबतात आणि प्रकाशही दबतो. १९२१ मध्ये युरोपहून परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे लक्ष वेधले. समुद्राचा निळा रंग हे आकाशाचे केवळ प्रतिबिंब आहे, हा रॅली यांचा समज त्यांनी दूर केला आणि पाण्याचे स्वतःचे प्रकीर्णन चढउतारांच्या उपपत्तीशी जुळते, असे दाखविले. कलकत्ता विद्यापीठाने १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशाच्या रेणवीय विवर्तनावरील त्यांच्या प्रबंधात हा विचार विस्ताराने आला आहे.

आपल्याकडील आकाश वर्षभर सारखे निळे नसते, याचाही येथेच उलगडा होतो. आश्विनात पावसाने धुऊन निघालेले आकाश गडद निळे असते, तर वैशाखात तेच पांढुरके होते. रेणूंचे चढउतार दोन्ही ऋतूंत जवळजवळ तेवढेच असतात. फरक पडतो तो धुळीमुळे. तरंगलांबीएवढे किंवा तिच्याहून मोठे कण चौथ्या घाताचा नियम पाळत नाहीत. ते सर्व रंग बहुतांशी सारखेच आणि मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात. म्हणून सूर्याभोवतीचे आकाश अशा दिवसांत विशेष पांढरे दिसते.

३. प्रकीर्णनाचा कोन व चढउतारांची लांबी

चढउतार सर्व आकारांचे असतात. त्यांपैकी कोणते प्रकाशास कोणत्या दिशेस पाठवितात, हा यापुढील प्रश्न आहे. माध्यमातील कोणत्याही गुंतागुंतीच्या चढउताराचे निरनिराळ्या लांबीच्या नियमित लहरींत पृथक्करण करता येते. अशी प्रत्येक लहर प्रकाशाच्या दृष्टीने एक जाळीच असते, आणि ती एका ठराविक कोनातच प्रकाश वळविते. या लहरीची लांबी म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीस प्रकीर्णनकोनाच्या अर्ध्याच्या ज्येच्या दुपटीने भागून येणारी संख्या. क्ष-किरणांच्या बाबतीत ब्रॅग यांच्या नावाने विद्यार्थ्यांस परिचित असलेला संबंध तो हाच.

यावरून दोन टोकांची उदाहरणे घेऊ. ०.५ मायक्रॉनचा प्रकाश काटकोनात वळवावयाचा, तर सुमारे ०.३५ मायक्रॉन लांबीचा चढउतार आवश्यक असतो. उलट, १० सेंटिमीटर आकाराचा हवेचा भोवरा तोच प्रकाश फार तर एका कोनीय सेकंदाने वळवू शकतो. यामुळेच रेणवीय चढउतारांनी विखुरलेला प्रकाश आकाशभर पसरतो, आणि हवेतील मोठ्या भोवऱ्यांनी विखुरलेला प्रकाश मूळ किरणाला चिकटूनच राहतो. दुसऱ्या प्रकारास आपण प्रकीर्णन म्हणत नाही, ‘थरथर’ म्हणतो, एवढाच फरक आहे.

व्यस्त दिशेने पाहिल्यास हाच संबंध मापनाचे साधन बनतो. निरनिराळ्या कोनांत किती प्रकाश येतो हे मोजले, की माध्यमात कोणत्या लांबीचे चढउतार किती प्रबळ आहेत ते कळते. आणि त्यावरून दोन बिंदूंवरील चढउतारांचा परस्परांशी असलेला सहसंबंध अंतराबरोबर कसा कमी होतो, हे काढता येते. कर्बद्विप्राणिलाचे तापमान त्याच्या क्रांतिक बिंदूकडे, म्हणजे ३१ अंश सेल्सियसकडे नेले असता स्वच्छ वायू एकाएकी दुधी दिसू लागतो. तेथे संपीड्यता अमर्याद वाढते आणि सहसंबंधाची लांबी रेणूंच्या आकारापासून प्रकाशाच्या तरंगलांबीपर्यंत पोहोचते. ऑर्नस्टाइन व झेर्निके यांनी १९१४ मध्ये या वाढीचे गणित दिले. माध्यमाला काहीही स्पर्श न करता त्याच्या अंतर्गत अव्यवस्थेचे मोजमाप घेता येते, हे या शाखेचे खरे बलस्थान होय.

४. हवेचा संक्षोभ

आता पुन्हा गंगथडीच्या काळ्या रानाकडे वळू. तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचे लोट उठतात, थंड हवा त्यांच्या जागी उतरते आणि ही सर्व हालचाल संक्षुब्ध असते. मोठे भोवरे लहान भोवऱ्यांत मोडतात, लहान त्यांहून लहानांत, आणि अखेर काही मिलिमीटरांच्या आकारास श्यानतेमुळे सर्व गती उष्णतेत विरून जाते. कोल्मोगोरॉव्ह यांनी १९४१ मध्ये दाखविले की, या दोन टोकांच्या दरम्यान कोणत्याही दोन बिंदूंतील वेगाच्या फरकाचा सरासरी वर्ग त्यांच्यामधील अंतराच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात असतो. तापमानाच्या फरकालाही हाच नियम लागू पडतो, असे ओबुखॉव्ह यांनी १९४९ मध्ये सिद्ध केले. अंतर आठपट केले तर तापमानातील सरासरी फरक दुप्पट होतो, असा याचा व्यावहारिक अर्थ आहे.

हवेच्या वक्रीभवनांकाचे एकाहून असलेले आधिक्य घनतेच्या प्रमाणात असते. वर दिलेल्या परिस्थितीत तापमान एक अंशाने वाढले की वक्रीभवनांक सुमारे ०.८ दशलक्षांशाने घटतो. एवढ्या सूक्ष्म बदलाने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून एक ढोबळ हिशेब करू. एक किलोमीटर लांबीच्या मार्गात १० सेंटिमीटर आकाराचे १०,००० भोवरे आहेत आणि प्रत्येकाचे तापमान सरासरीहून एका अंशाने कमी वा अधिक आहे, असे समजा. प्रत्येक भोवरा प्रकाशाच्या मार्गलांबीत ०.०८ मायक्रॉनचा फरक करील. हे सर्व फरक एकाच दिशेने साचले असते, तर एकूण फरक ८०० मायक्रॉन झाला असता. परंतु ते यादृच्छिक असल्यामुळे त्यांची बेरीज संख्येच्या वर्गमूळाप्रमाणे वाढते; म्हणजे ०.०८ चे १०० पट, केवळ ८ मायक्रॉन. तरीसुद्धा ही लांबी ०.५ मायक्रॉनच्या १६ तरंगलांबींइतकी आहे. लाटेची कला पूर्णपणे विस्कळीत होण्यास एवढे पुरेसे होते.

दिशेचा हिशेबही असाच आहे. एक भोवरा किरणास सुमारे एक-षष्ठांश कोनीय सेकंदाने वळवील. दहा हजार भोवरे मिळून सुमारे १६ कोनीय सेकंदांनी. उघड्या डोळ्याची भेदनक्षमता सुमारे एक कोनीय मिनिट असल्याने ही थरथर डोळ्यास दिसणार नाही, परंतु थिओडोलाइटच्या दुर्बिणीत ती स्पष्ट दिसेल. भूमापक भर दुपारी सूक्ष्म कोनमापन टाळतात त्याचे हे कारण आहे. जमिनीलगत, जेथे तापमान चार-चार अंशांनी वरखाली होते, तेथे ही थरथर मिनिटाच्या मर्यादेपलीकडे जाते आणि आपणांस झळा दिसू लागतात.

५. लुकलुकणे

थरथरीखेरीज दुसरा परिणाम म्हणजे तेजस्वितेतील बदल. भोवरे हे दुर्बल भिंगांसारखे वागतात. काही प्रकाश एकवटतात, काही पसरवितात. पडद्यावर यांमुळे उजळ व अंधुक पट्ट्यांची जी नक्षी पडते, तिच्या खुणेचा आकार तरंगलांबी आणि अंतर यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाइतका असतो. दहा किलोमीटर उंचीवरील संक्षोभाच्या बाबतीत हा आकार सुमारे ७ सेंटिमीटर येतो. डोळ्याची बाहुली याहून पुष्कळच लहान असल्याने वाऱ्याबरोबर सरकणारी नक्षी तिच्यावरून जाताना तारा लुकलुकतो. मोठ्या दुर्बिणीचे भिंग अशा अनेक खुणा एकाच वेळी झाकते आणि तेजातील बदल सरासरीत विरून जातो. ग्रह का लुकलुकत नाहीत, हेही यातच आले : दहा किलोमीटरवरील ७ सेंटिमीटरचा कोन केवळ दीड कोनीय सेकंद भरतो, तर गुरूचे बिंब ३० ते ५० सेकंदांचे असते. बिंबाच्या प्रत्येक भागाची नक्षी निराळी आणि त्या सर्वांची सरासरी स्थिर असते.

सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९५२ मध्ये तारकांच्या लुकलुकण्याच्या उपपत्तीस सांख्यिकीय अधिष्ठान देणारा निबंध लिहिला. तातार्स्की यांनी पुढील दशकात कोल्मोगोरॉव्ह यांचा नियम आणि तरंगप्रसारण यांची सांगड घालून या विषयास आजचे रूप दिले. हेच गणित हवेपुरते मर्यादित नाही. सूर्यापासून वाहणाऱ्या आयनीभूत वायूमुळे दूरचे रेडिओ-स्रोत लुकलुकतात, हे १९६४ मध्ये आढळून आले. त्या लुकलुकण्याच्या अभ्यासासाठी केंब्रिज येथे उभारलेल्या साधनावरच जोसेलिन बेल यांना १९६७ मध्ये पहिला स्पंदक सापडला. जुन्नर-नारायणगाव परिसरात खोडद येथे असलेली ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ-दुर्बीण आज ज्या स्पंदकांचे वेध घेते, त्यांचे संकेतही तारकांमधील विरळ इलेक्ट्रॉनांच्या चढउतारांनी लुकलुकतच आपल्यापर्यंत पोहोचतात.

येथे एक इशारा आवश्यक आहे. संक्षोभ वाढत गेला की लुकलुकणे वाढतच जाईल, असे नाही. १९६५ च्या सुमारास सोव्हिएत संशोधकांना असे आढळले की, तेजाच्या चढउताराचे प्रमाण एकाच्या आसपास पोहोचल्यावर ते वाढेनासे होते. किरण वारंवार विखुरला गेल्यामुळे लाटेची सुसंगती इतकी नष्ट होते की, अधिक संक्षोभ तिच्यात आणखी भेद निर्माण करू शकत नाही. या अवस्थेत केवळ लुकलुकणे मोजून संक्षोभाची तीव्रता काढू पाहणारा निरीक्षक फसतो.

६. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेतून पुण्याच्या काळ्या रानात

महाराष्ट्रापुरते पाहू गेल्यास, प्रकीर्णनाची ही शाखा आणि शेती यांचा संबंध आकस्मिक नाही. एल. ए. रामदास हे रामन यांचे विद्यार्थी. द्रवांच्या पृष्ठभागावर औष्णिक चढउतारांमुळे उठणाऱ्या सूक्ष्म लहरींवरून प्रकाश कसा विखुरतो आणि त्याचा पृष्ठताणाशी काय संबंध आहे, यावर १९२० नंतरच्या दशकात त्यांनी रामन यांच्याबरोबर कार्य केले. पुढे ते हवामान खात्यात आले आणि १९३२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या कृषिवातावरणविज्ञान विभागाची धुरा त्यांनी वाहिली. तेथे त्यांच्या अभ्यासाचा विषय होता तो जमिनीलगतचा हवेचा पातळ थर. निरभ्र व निवांत रात्री सर्वांत कमी तापमान जमिनीवर नसून तिच्यापासून काही डेसिमीटर वर असते, हा त्यांचा शोध ‘रामदास स्तर’ या नावाने प्रसिद्ध आहे. काळ्या जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिल्यास ती किती कमी तापते, याचीही मोजमापे पुण्यात घेण्यात आली. प्रकाशाच्या प्रकीर्णनातून चढउतारांचा विचार शिकलेला शास्त्रज्ञ जमिनीच्या उष्णतेच्या हिशेबाकडे वळला, हे लक्षणीय आहे.

हा हिशेब असा. सूर्यापासून मिळालेल्या निव्वळ ऊर्जेचे तीन वाटे होतात : एक भाग जमिनीत मुरतो, एक हवा तापविण्यात खर्च होतो आणि उरलेला पाण्याची वाफ करण्यात जातो. पहिल्या दोन गोष्टी, म्हणजे निव्वळ ऊर्जा व जमिनीत मुरणारी उष्णता, साध्या उपकरणांनी मोजता येतात. हवेत जाणारी उष्णता मोजता आली, तर वजाबाकीने बाष्पीभवन मिळते. आणि हवेत जाणाऱ्या उष्णतेचीच साक्ष झळा देत असतात. जेवढी उष्णता अधिक, तेवढे तापमानाचे चढउतार अधिक, तेवढी प्रकाशाची लुकलुक अधिक.

या तत्त्वावर चालणाऱ्या उपकरणास सिंटिलोमीटर म्हणतात. शेताच्या एका टोकास अवरक्त प्रकाशाचा दिवा व दुसऱ्या टोकास प्रकाशग्राहक, एवढीच त्याची रचना असते. १९७८ मध्ये वांग, ओक्स व क्लिफर्ड यांनी दोन्ही टोकांस १० ते १५ सेंटिमीटर व्यासाची मोठी भिंगे वापरण्याची पद्धती सिद्ध केली. मोठे भिंग लहान खुणांची सरासरी काढते आणि वर सांगितलेल्या संपृक्ततेच्या सापळ्यातून निरीक्षकास सोडविते. एक किलोमीटरवर उघड्या, लहान ग्राहकाने मोजल्यास दुपारच्या वेळी संपृक्तता निश्चितच गाठली जाईल. १५ सेंटिमीटरच्या भिंगाने ती टाळता येते.

आकड्यांनी पाहू. एक किलोमीटरच्या मार्गावर, जमिनीपासून ५ मीटर उंचीवर, १५ सेंटिमीटरच्या भिंगात पडणारा प्रकाश सरासरीभोवती सुमारे ९ टक्क्यांनी कमीअधिक होत असेल, तर वारा मंद असताना हवेत जाणारी उष्णता दर चौरस मीटरला सुमारे १२० वॅट निघते. हाच चढउतार १५ टक्के असेल तर ती सुमारे २७५ वॅट होते. निव्वळ ऊर्जा ५०० वॅट आणि जमिनीत मुरणारी १०० वॅट धरली, तर बाष्पीभवनास पहिल्या ठिकाणी २८० आणि दुसऱ्या ठिकाणी १२५ वॅट उरतात. पाण्याच्या भाषेत बोलावयाचे, तर पहिल्या शेतातून त्या एका तासात हेक्टरी सुमारे ४,१०० लिटर पाणी उडाले, दुसऱ्यातून सुमारे १,८००. प्रकाशाच्या कंपनातील ९ व १५ टक्के या फरकात एवढ्या पाण्याचा फरक दडलेला आहे.

बीड जिल्ह्यात या आकड्यांस केवळ शास्त्रीय महत्त्व नाही. लातूर शहरास पाणी पुरविणारे मांजरा धरण केज तालुक्यात धनेगाव येथे आहे. ते कोरडे पडल्यामुळे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ही घटना सर्वांच्या स्मरणात आहे. ऊस किती पाणी घेतो, कापूस वा ज्वारी किती घेते, जलाशयावरून किती उडून जाते, या प्रश्नांवरील वादात दोन्ही बाजूंचे आकडे पुष्कळदा अन्य प्रदेशांतील सूत्रांवरून काढलेले असतात. दिवसाच्या सरासरीत दर चौरस मीटरला २८ वॅटची चूक म्हणजे दररोज एक मिलिमीटर पाण्याची, अर्थात् हेक्टरी १०,००० लिटरची चूक. एवढी चूक झाल्यास वादाचा निकाल कोणत्याही बाजूने लागू शकतो. म्हणून मोजमाप त्याच रानात, त्याच ऋतूत होणे अगत्याचे आहे. पिकाच्या एखाद्या बिंदूवर नव्हे, तर किलोमीटरभर लांबीच्या पट्ट्यावर सरासरी देणारी ही पद्धती त्यासाठी विशेष सोयीची ठरते.

७. मर्यादा व एक सुचविलेला प्रयोग

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली, वक्रीभवनांक केवळ तापमानाने नव्हे तर बाष्पाच्या चढउतारांनीही बदलतो. कोरड्या पडीक रानात हा परिणाम नगण्य असतो. परंतु नुकतेच पाणी दिलेल्या उसात, हवेत जाणारी उष्णता बाष्पीभवनाच्या दशांश असेल तर, वक्रीभवनांकाच्या चढउतारात सुमारे ७० टक्क्यांची भर पडते आणि तीबद्दल दुरुस्ती करावी लागते. दुसरी, लुकलुकण्यावरून उष्णता किती हे कळते, ती वर जाते की खाली हे कळत नाही. सकाळ-संध्याकाळी ही दिशा पालटते तेव्हा तापमानाचे दोन उंचींवरील मोजमाप जोडीस असावे लागते. तिसरी, दिव्यापासून ग्राहकापर्यंतच्या मार्गात ऊस आणि पडीक जमीन यांचे तुकडे आळीपाळीने येत असतील, तर उपकरण देईल ती सरासरी मार्गाच्या मध्यभागाकडे झुकलेली असते, कारण दोन्ही टोकांजवळील भोवऱ्यांचा प्रभाव कमी पडतो. गंगथडीतील लहान-लहान धारणेच्या शेतांत ही अडचण प्रत्येक ठिकाणी येणार, आणि तिचे समाधानकारक गणित हा संशोधनास योग्य असा विषय आहे.

सिंटिलोमीटर महाग असतो. परंतु तत्त्व पडताळून पाहण्यास त्याची आवश्यकता नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज करण्याजोगा प्रयोग पुढीलप्रमाणे आहे. कमी शक्तीचा तांबडा लेसर व दोन-तीन मिलिमीटर व्यासाचा प्रकाशग्राही डायोड घेऊन मोकळ्या मैदानावर त्यांच्यात १०० मीटर अंतर ठेवावे. किरणाची उंची जमिनीपासून सर्वत्र सारखी असावी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांत तो जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. एवढ्या अंतरावर, वर गृहीत धरलेल्या संक्षोभात, तेजाचा चढउतार सुमारे १८ टक्के येईल, म्हणजे संपृक्ततेच्या पुष्कळच आत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दर मिनिटाचा चढउतार नोंदल्यास तो दुपारी शिगेस पोहोचताना आणि सकाळ-संध्याकाळी एकेकदा जवळजवळ शून्यावर येताना दिसेल. या शून्याच्या वेळा म्हणजे जमीन व हवा यांच्यातील उष्णतेची देवघेव थांबून पालटण्याच्या वेळा होत. एवढे लक्षात ठेवावे की, १०० मीटरवर प्रकाशखुणांचा आकार सुमारे ८ मिलिमीटर असतो आणि संक्षोभाच्या सर्वांत लहान भोवऱ्यांचा आकारही काही मिलिमीटरच असल्याने, दोन-तृतीयांश घाताचा नियम येथे जेमतेम लागू पडतो. त्यामुळे मिळणारा आकडा दुरुस्तीसहच स्वीकारावा.

हाच प्रयोग नांगरलेल्या काळ्या जमिनीवर आणि शेजारच्या ओलिताच्या शेतावर एकाच दिवशी करून पाहिल्यास दोन्ही नोंदींतील फरक विद्यार्थ्यांस कोणत्याही सूत्रापूर्वी डोळ्यांनीच दिसेल. मराठवाड्यातील महाविद्यालयांना यासाठी लागणारे रान, ऊन आणि प्रश्न ही तिन्ही दाराशीच उपलब्ध आहेत. एका उन्हाळ्याच्या सुटीत एवढी नोंद झाली, तरी पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांस जेथून आरंभ करावा असा एक आधार मिळेल.